जांघेतल्या खाजेला ट्यूब देण्याआधी : औषध विक्रेत्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील औषध विक्रेते आणि फार्मासिस्ट बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की तुमच्या काउंटरवर एक मागणी हमखास वाढते. गिऱ्हाईक गर्दी ओसरेपर्यंत कडेला उभं राहतं, मग पुढे येऊन हळूच म्हणतं, 'खाजेची ट्यूब द्या.' खाज कुठे आहे ते सांगत नाही. पुष्कळदा खिशातून शेपटापासून गुंडाळत आणलेली रिकामी ट्यूब काढतं, काचेवर ठेवतं आणि 'हीच द्या' एवढंच बोलतं. बायकांच्या बाबतीत नवरा येतो, नाहीतर मुलगी येते, आणि 'अंगावरून पांढरं जातंय, त्यावरची गोळी द्या' असा निरोप पोचतो.

अवघड जागेचं दुखणं घेऊन माणूस आधी मेडिकलमध्ये येतो. आम्हा डॉक्टरांकडे येतो तो काही महिन्यांनी, चार-पाच ट्यूबा संपवून. म्हणजे उपचाराचा पहिला निर्णय दवाखान्यात होतच नाही, तो तुमच्या काउंटरवर होतो. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहीत आहोत. विनंती दोन गोष्टींची आहे. स्टिरॉईड मिसळलेली मलमं आणि 'पांढऱ्या पाण्याची' कॉम्बी-किटं, म्हणजे वेगवेगळ्या औषधांच्या गोळ्या एकत्र घातलेली पाकिटं, चिठ्ठीशिवाय देऊ नका. आणि ट्यूब हातात देण्याआधी चार प्रश्न विचारून माणसाला योग्य ठिकाणी पाठवा.

आधी त्या ट्यूबबद्दल. गिऱ्हाइकाने रिकामी ट्यूब पुढे केली तर ती उलटी करून घटक वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं की ते स्टिरॉईड. त्याच्या जोडीला मायकोनाझोल, क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध, निओमायसिन, जेंटामायसिन किंवा ऑफ्लॉक्सासिन हे जंतूंवरचं, आणि काहींत वर ऑर्निडाझोलसुद्धा. कुठलाही आजार असो, यातलं काहीतरी लागू पडेल अशा हिशेबाने केलेली ही मिश्रणं आहेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत खाज बसते ती स्टिरॉईडमुळे. खाज बसली की माणूस खूश होतो, मलम थांबवतो, आणि आठवड्याभरात नायटा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. कारण स्टिरॉईडने कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. नायट्याची ओळखीची गोल, उंच, लालसर कड पुसट होते किंवा एका वर्तुळात दुसरं वर्तुळ दिसू लागतं. मग नुसत्या डोळ्यांनी निदान करणं आम्हालाही अवघड जातं.

जांघेत हे नुकसान जास्त होतं, त्याला कारण आहे. तिथली कातडी पातळ, कायम घडीत दबलेली आणि घामाने ओली असते, त्यामुळे मलम खोलवर शिरतं. हाताच्या आतल्या बाजूच्या कातडीच्या तुलनेत वृषणाच्या कातडीतून हायड्रोकॉर्टिसोन सुमारे ४० पट शोषलं जातं, असं मोजमाप १९६७ सालीच झालेलं आहे. आणि हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉईड. क्लोबेटासोल त्याहून कितीतरी जोरकस. काही आठवडे ते जांघेत चोळलं की गर्भारपणात पोटावर येतात तसे रुंद, लालसर व्रण मांडीच्या मुळाशी उमटतात. ते पुढे फिके पडतात, पण जात नाहीत. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या मांड्यांवर आम्ही हे व्रण रोज पाहतो.

दुसरं, देशात सध्या पसरलेला नायटा पूर्वीचा राहिलेला नाही. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं २०२० मध्ये नाव मिळालेली बुरशी आता जागोजागी सापडते. तिच्या अनेक वाणांमध्ये एका जनुकात बदल झालेला असतो आणि त्यामुळे टर्बिनाफिन तिच्यावर नीट चालत नाही. 'मागच्या वेळी दोन आठवडे गोळी घेतली होती, तीच द्या' हा हिशेब म्हणूनच आता चुकतो. गोळी कुठली, किती आणि किती दिवस हे रुग्णाला तपासून ठरवावं लागतं. पूर्वी दोन आठवड्यांत आटपणारा उपचार आता सहा-आठ आठवडे आणि कधी त्याहून जास्त चालतो.

कायदा तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉईड मलमं स्पष्टपणे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या औषधांच्या यादीत, आणली. ट्यूबवरची उभी लाल रेघ आणि इशारा त्यासाठीच आहे. तरीही ही मलमं पावडर-साबणासारखी मागितली जातात आणि दिली जातात. 'मी नाही दिली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल' ही तुमची अडचण खरी आहे, आम्ही ती झटकून टाकत नाही. म्हणूनच हे पत्र एका दुकानाला न लिहिता सगळ्यांना लिहिलं आहे. एका पेठेतल्या, एका बाजारपेठेच्या गावातल्या सगळ्या दुकानांनी मिळून ठरवलं तरच हे जमेल. आणि हो, चिठ्ठीवरसुद्धा हीच मिश्रणं लिहिलेली येतात, हेही आम्हाला माहीत आहे. तो विषय आमच्या व्यवसायातला आहे आणि आम्ही तो आमच्यात मांडतच आहोत. अशी चिठ्ठी आली, त्यावर किती दिवस लावायचं हे लिहिलेलं नसेल, तर डॉक्टरांना फोन करून विचारा. तो तुमचा अधिकार आहे.

आता प्रश्न. हे सगळ्यांसमोर मोठ्याने विचारायचे नाहीत. काउंटरच्या कडेला घेऊन, 'दादा, दोन गोष्टी विचारतो, म्हणजे बरोबर औषध मिळेल' असं म्हटलं की बहुतेक माणसं बोलतात. ताई असतील आणि दुकानात कुणी बाई काम करत असेल तर तिला पुढे करा.

पहिला प्रश्न : नेमकं कुठे? मांडीच्या मुळाशी, घडीत, कडेने पसरत जाणारा चट्टा असेल आणि वृषणाची कातडी बरीचशी साफ असेल तर बहुधा नायटा. लिंगाच्या टोकाला, कातडीखाली लाली, चिरा आणि पांढरा थर असेल तर कॅन्डिडा ही बुरशी, आणि त्याच्यामागे मधुमेह असण्याची शक्यता मोठी. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेवर आणि सोबत लिंगावर किंवा वृषणावर खाजऱ्या गाठी असतील, रात्री खाज वाढत असेल आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल तर ती खरूज. खरजेला नायट्याचं मलम चोळून काही होत नाही. खरजेवरचं पर्मेथ्रिन ५ टक्के मलम गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, बेंबी, नखांच्या कडा आणि जांघ न वगळता लावायचं, आठ ते बारा तास ठेवायचं, सात दिवसांनी पुन्हा लावायचं. मोठ्या माणसाला एका वेळी ३० ग्रॅमच्या आसपास लागतं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. एकट्यानेच लावलं की खरूज आठ दिवसांत घरातूनच परत येते. त्यानंतरही दोन-चार आठवडे थोडी खाज राहते. ती पाहून लोक तिसऱ्या-चौथ्यांदा मलम चोळतात आणि कातडी भाजल्यासारखी करून घेतात. हे देतानाच सांगून ठेवा.

दुसरा प्रश्न : जखम, फोड, गाठ, पू किंवा स्राव आहे का? उत्तर 'हो' असेल तर ट्यूब देणं तिथेच थांबवा. गुप्तांगावर एकच, न दुखणारी, कडक बुडाची जखम सिफिलिसची असू शकते. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती येते आणि औषध न करताही तीन ते सहा आठवड्यांत भरून जाते. यातच खरी मेख आहे. मलम लावलं, जखम भरली, सगळ्यांना वाटलं मलम लागू पडलं. आजार मात्र रक्तात तसाच राहतो आणि पत्नी गरोदर असेल तर पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. यावर उपचार म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन, तेही रक्त तपासून. लहान लहान, झुबक्याने येणारे, आग होणारे फोड असतील तर बहुधा नागीण-कुळातल्या हर्पीस विषाणूचे. लघवीच्या वाटेने पू येत असेल तर गोनोरिया किंवा क्लॅमिडिया. यातलं काहीही डोळ्यांनी पाहून काउंटरवर ठरवता येत नाही. जखमेवर मलम किंवा अँटीसेप्टिक न लावता, तशीच दाखवायला पाठवा. नाहीतर तपासणीत काही सापडतच नाही.

तिसरा प्रश्न फक्त बायकांसाठी नाही, पण जास्त त्यांच्यासाठी : स्राव कसा आहे? पाळीच्या मधल्या दिवसांत येणारा पारदर्शक, ताणला जाणारा, वास नसलेला स्राव हा आजार नव्हे. त्याला 'धुपणी' म्हणून औषध देणं म्हणजे निरोगी बाईला आजारी ठरवणं. फाटलेल्या दह्यासारखा, घट्ट, वास नसलेला, सोबत प्रचंड खाज आणि लाली असेल तर कॅन्डिडा. पातळ, राखाडी-पांढरा, मासळीसारखा वास येणारा, संबंधानंतर वास वाढणारा, खाज फारशी नसलेला असेल तर योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडलेला असतो. पिवळट-हिरवा, फेसाळ, आग होणारा असेल तर ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग, आणि तो संबंधातून येतो, म्हणून नवऱ्यालाही त्याच वेळी औषध लागतं. ही वर्णनं दिशा दाखवतात, निदान करत नाहीत. दोन आजार एकत्रही असतात.

आणि इथेच ते कॉम्बी-किट येतं. फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एक, अॅझिथ्रोमायसिन एक ग्रॅमची एक आणि सेक्निडाझोल एक ग्रॅमच्या दोन, अशा चार गोळ्या. बाईला 'पांढऱ्या पाण्यासाठी', पुरुषाला 'आगीसाठी' तेच पाकीट जातं. यात गोनोरियावरचं सेफिक्झिम नाही. सिफिलिसवर यातल्या अॅझिथ्रोमायसिनचा भरवसा धरता येत नाही. ओटीपोटापर्यंत पोचलेल्या संसर्गाला १४ दिवसांचा कोर्स लागतो, तो चार गोळ्यांत होत नाही. लक्षणं दबतात, संसर्ग गर्भनलिकेत शिरतो आणि दोन वर्षांनी तीच जोडपी मूल होत नाही म्हणून येतात. फ्लुकोनाझोलची गोळी गर्भवतीला द्यायची नाही. तिच्यासाठी क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या असतात, त्या डॉक्टर ठरवतात. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्या रुग्णात फ्लुकोनाझोलने रक्तस्राव वाढू शकतो, आणि ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीसोबत साखर खाली जाऊ शकते. तुमच्या संगणकावर त्याच रुग्णाचं मागचं बिल असतं, ते एकदा डोळ्यांखालून घाला.

योनीत ठेवायच्या गोळ्या चिठ्ठीवर दिल्यात तर दोन वाक्यं जास्त सांगा. रात्री झोपताना, आडवं होऊन, शक्य तितकी आत ठेवायची, आणि कोर्स पाळीच्या दिवसांत सुरू करायचा नाही. या गोळ्यांनी आणि क्रीमने निरोधचं रबर कमकुवत होतं, म्हणून कोर्स संपेपर्यंत त्याच्यावर विसंबायचं नाही.

चौथा प्रश्न साखरेचा. मधुमेह आहे का, आणि असेल तर कुठल्या गोळ्या चालू आहेत? डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. डॅपाग्लिफ्लोझिन २०२० नंतर जेनेरिक होऊन स्वस्त झाली आणि गावोगाव पोचली. ती साखर गुप्तांगाच्या कातडीवर रोज लागते आणि कॅन्डिडा पोसते. चाळिशीनंतरच्या पुरुषाच्या लिंगाच्या कातडीला पहिल्यांदाच चिरा पडल्या, तर मलमाआधी साखर तपासायला सांगा. चालू गोळ्यांमुळे असेल तर गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन हलक्या हाताने कोरडं करायचं, एवढं मात्र आजपासून. फार क्वचित, पण याच गोळ्या घेणाऱ्यांत गुप्तांगाजवळची कातडी झपाट्याने सडण्याचा जीवघेणा संसर्ग झालेला आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशारा दिला होता. जांघेत अचानक सूज, असह्य दुखणं, ताप आणि काळपट पडत चाललेली कातडी दिसली की तो रुग्ण त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात गेला पाहिजे.

तसंच त्याच दिवशी पाठवायचे आणखी काही. मुलाच्या किंवा तरुणाच्या एका वृषणात अचानक कळ आली असेल तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर वृषण गमावलं जातं. अशाला दुखण्याची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबवू नका. लिंगाची कातडी मागे अडकून सूज आली असेल, लघवी अडली असेल, स्रावासोबत ताप आणि ओटीपोटात दुखत असेल, पाळी चुकलेली असून पोटात कळ येत असेल, तर हे सगळे तातडीचे.

लहान मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. तिथली आग-लाली बहुतेक वेळा फेसाच्या साबणाने, ओल्या चड्डीने, नीट न पुसल्याने किंवा रात्री वळवळणाऱ्या बारीक जंतांनी होते. पण दुर्गंधी किंवा रक्ताचा स्राव असेल तर आत काही अडकलेलं असू शकतं आणि अत्याचाराचा विचारही डॉक्टरांना करावाच लागतो. कुठल्याही मुलीसाठी काउंटरवरून मलम देऊ नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवा.

पाळी गेलेल्या आईंचं दुखणं तर कुणी विचारतच नाही. कोरडेपणाने होणारी आग सौम्य ओलावा देणाऱ्या मलमाने आणि डॉक्टरांनी दिलेल्या इस्ट्रोजेन क्रीमने छान आटोक्यात येते. पण पांढरी पडत जाणारी, सिगारेटच्या कागदासारखी पातळ, सुरकुतलेली कातडी आणि रात्रीची खाज हा लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. यावर मात्र क्लोबेटासोल हेच औषध आहे, नेमक्या प्रमाणात, ठरलेल्या दिवशी, तपासणीखाली. काही रुग्णांत तिथे पुढे कर्करोगही होतो, म्हणून बरी न होणारी जखम किंवा जाड चट्टा पाहायलाच हवा. एकच औषध एका आजारात लागतं आणि दुसऱ्यात वाट लावतं, ते असं.

मग डॉक्टरकडे जाईपर्यंत द्यायचं काय? बहुतेक वेळा देण्यापेक्षा थांबवायला सांगायचं असतं. आंघोळीच्या पाण्यात ओतलेलं अँटीसेप्टिक, लिंबू, खायचा सोडा, तुरटीचं पाणी, सुगंधी पॅड, सुगंधी पावडर, आतून धुणं, सगळं बंद. योनी स्वतःला स्वच्छ ठेवते. तिथलं आम्ल वातावरणच जंतू रोखतं आणि साबणाने ते बिघडतं. बाहेरून साधं पाणी पुरतं. आग होत असेल तर थंड पाण्यात भिजवलेला सुती कपडा दहा मिनिटं ठेवायचा आणि वर साध्या व्हॅसलिनचा पातळ थर.

नायटा असलेल्या माणसाला कपड्यांचं नीट सांगितलं तर निम्मं काम होतं. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली जीन्स घालणं हे या आजाराचं मोठं कारण. सुती, सैल अंतर्वस्त्र, रोज धुतलेलं. टॉवेल वेगळा. कपडे उकळत्या नाहीतर कडक गरम पाण्यात वेगळे धुवायचे, उलटे करून उन्हात वाळवायचे, ऊन नसेल तर आतल्या बाजूने इस्त्री फिरवायची. चिठ्ठीवरचं मलम किती लावायचं तेही दाखवा : तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चट्ट्याच्या कडेपासून बाहेर दोन सेंटीमीटर, बाहेरून आत असं लावायचं. दोन्ही जांघा आणि कुल्ले मिळून दर वेळी साधारण एक ग्रॅम लागतं, म्हणजे दिवसातून एकदा लावायची १५ ग्रॅमची ट्यूब दोन आठवडेच पुरते. तीच ट्यूब दोन महिने पुरवणारा माणूस बरा होणार नाही, हे त्याला हिशेब मांडून सांगा. चट्टा गेल्यावरही डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पुढे लावायचं. आणि ज्याने महिनोन्‌महिने स्टिरॉईड लावलंय, त्याला आधीच सांगा की ते थांबवल्यावर काही दिवस लाली आणि खाज उसळेल. त्या दिवसांत तो पुन्हा तीच ट्यूब मागायला येईल. तेव्हा त्याला नाही म्हणणारं कुणीतरी काउंटरवर असायला हवं.

'पाठवा' म्हणताना कुठे, हेही सांगायला हवं. जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत गुप्तरोगांसाठीचं सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे तपासणी आणि औषध मोफत, नाव बाहेर जात नाही, आणि औषधं आजाराप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत मिळतात : योनीस्रावाला हिरवं, लघवीच्या वाटेच्या पुवाला राखाडी, जखमेला पांढरं, हर्पीसला लाल, ओटीपोटाच्या संसर्गाला पिवळं. नुसती शंका विचारायची असेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, तोही मोफत. जोडीदारालाही सोबत न्यायला सांगा. एकट्याच्या उपचारात अनेकदा आजार घरातच फिरत राहतो. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ ने रुग्णाला समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम मानलं आहे. हे चार प्रश्न त्याच कामात बसतात.

तुमच्या तालुका आणि जिल्हा संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आम्ही येऊन तासभर बोलायला तयार आहोत, मानधनाशिवाय. तोवर एक करा. तुमच्या जिल्ह्यातल्या सुरक्षा क्लिनिकची इमारत, खोली, वार आणि वेळ फोन करून विचारा, छोट्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि गल्ल्याशेजारी ठेवा. गिऱ्हाइकाने रिकामी ट्यूब पुढे केली की बिल करण्याऐवजी त्यातली एक चिठ्ठी घडी करून त्याच्या हातात द्या.

आपले,
त्वचारोग, गुप्तरोग आणि स्त्रीरोग विभागांत काम करणारे काही डॉक्टर